आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती

रेकॉर्ड टपालाने आली. चिठ्ठी नव्हती.
मागच्या बाजूला घाईघाईत 'आर्वोला' आणि सही,
जशी पन्नास जणांना केली असेल.
मी रात्रपाळी संपवून पुलावरून उतरलो होतो.
दुलुथचा पूल. बोट आली की मी तो उचलतो,
गेली की खाली ठेवतो. सव्वीस वर्षं एवढंच.
बूट न काढताच सुई ठेवली.

आधी नुसते ब्रश. कातड्यावरून असे फिरतात
की पहाटे कुणी पायरीवरचा भुसभुशीत बर्फ झाडतंय.
मग डबल बास, जिना चढणाऱ्या जड माणसासारखा,
मधेच थांबतो, कठड्याला धरतो, पुन्हा चढतो.
आणि मग हेल्मी.
तालाच्या जराशी मागे, नेहमीसारखी.
शाळेच्या बसलाही ती अशीच पोचायची.
बस थांबायची, हा भाग वेगळा.

दहा गाणी आहेत. मी मोजत बसलो,
मोजणं माझ्या हाडात भिनलंय.
खिडकी सात गाण्यांत.
बाबांचा कोट पाचांत.
साखरेचा खडा दातात धरून प्यायलेली कॉफी तीनदा.
सरोवर जवळपास सगळीकडे, पण नाव न घेता,
घरातल्या दारुड्याचं घेत नाहीत तसं.
आणि कुठल्याही गाण्यात घड्याळ आलं
की त्यात रात्रीचे अकराच वाजलेले असतात.

खिडकीत आई असते.
दुसऱ्या गाण्यात वाट बघते, चौथ्यात काच पुसते,
सातव्यात काचेवरच्या वाफेत बोटाने काही लिहिते
आणि लगेच तळव्याने मोडते.
तिथे क्लॅरिनेट असं काही वळतं
की मी उठलो,
आणि उगाचच नळ बंद आहे ना, पाहून आलो.

पण हेल्मी, आपल्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती.
भिंत होती. भिंतीवर वाण्याने फुकट दिलेलं कॅलेंडर.
आई त्या कॅलेंडरकडे तोंड करून बटाटे सोलायची.
पदरचं घालून सांगायची तुझी खोड जुनीच.
कोट खरा आहे. पण तो तांबडा होता,
लोखंडाच्या धुळीने, धक्क्यावरच्या,
धुतला की बादलीत गंज तरंगायचा.
तू तो निळा केलास.
तांबडा बसत नसेल सुरात. मला काय कळतं.

भाऊ कुठल्याच गाण्यात नाही.
दोन्ही बाजू पुन्हा ऐकल्या. नाही.

अकराचं मात्र चुकलंच, असं मी म्हणणार होतो.
बाबा गेले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते.
दवाखान्याच्या कागदावर तसं लिहिलंय,
तो कागद माझ्याकडे आहे, ड्रॉवरमध्ये, बिलांच्या खाली.
म्हणजे मग अकरा

अकरा वाजता मी तुला शिकागोला फोन केला होता.
मागे ग्लासांचा आवाज, कुणीतरी पियानोवर हात साफ करत होतं.
तू म्हणालीस, कधी?
मी म्हणालो, आत्ताच.

साडेतीन ते अकरा मी काय करत होतो,
हे तू कधी विचारलं नाहीस.
पूल उचलत होतो. तीन बोटी होत्या.
एक कोळशाची, एक मीठ घेऊन आलेली,
तिसरीचं नाव आठवत नाही.

दहाव्या गाण्याला शब्दच नाहीत.
ती नुसती गुणगुणते, ओठ मिटून,
बास एकाच पायरीवर उभा,
आणि क्लॅरिनेट, अगदी खालच्या पट्टीत,
एक लांब, दोन आखूड.
थोडं थांबून पुन्हा
एक लांब, दोन आखूड.
बोटी आम्हाला अशीच हाक देतात.
यावर पुलाने उत्तर द्यायचं असतं.

गाण्यात उत्तर नाही.
सुई शेवटच्या खोबणीत खरखरत राहिली.
मी बूट काढले. एकाची नाडी तुटली.